यहुदी उपासनेतील वाद्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेगॉगमधील प्रार्थनेत वाद्ये वाजवतात का?

एका शब्दात उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नाही, कारण उत्तर दिवसावर, जागेवर आणि त्या मंडळीच्या पंथावर अवलंबून असते. परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतच्या काळात, तसेच मोठ्या सणांच्या दिवशी कोणतेही वाद्य वाजवले जात नाही. सणांपुरता याला शोफार, म्हणजे फुंकून वाजवायचे शिंग, हा एकच मोठा अपवाद आहे. सुधारणावादी मंडळींच्या सिनेगॉगमध्ये मात्र त्याच शुक्रवारी संध्याकाळी ऑर्गन, पियानो, गिटार किंवा डफ ऐकू येणे अगदी स्वाभाविक मानले जाते. आठवड्याच्या साध्या दिवशी, लग्नात, हनुक्कासारख्या सणात किंवा प्रार्थनेबाहेरच्या भक्तिगायनात परंपरानिष्ठ समाजही वाद्ये आनंदाने वापरतो. म्हणून ‘वाद्य चालते का?’ यापेक्षा ‘कोणत्या दिवशी आणि कोणत्या ठिकाणी चालते?’ असे विचारल्यास पुढची सगळी चर्चा सोपी होते.

जेरुसलेमच्या मंदिरात वाद्ये होती, असे वाचले आहे. ती कोणती होती?

होती, आणि भरपूर होती. मंदिरातील गायन-वादनाची जबाबदारी लेवी कुळाकडे असे. रोजच्या बलिविधीत वेदीवर द्राक्षरस ओतला जात असताना लेवी आपल्या चौथऱ्यावर उभे राहून त्या त्या वाराचे ठरलेले स्तोत्र गात असत. रविवारी चोविसावे, सोमवारी अठ्ठेचाळिसावे, असे करत शब्बाथला ब्याण्णवावे स्तोत्र गायले जाई. गायनाला साथ मुख्यतः तंतुवाद्यांची असे. किन्नोर हे हातात धरून वाजवायचे लहान तंतुवाद्य होते, तर नेवेल त्याहून मोठे आणि बहुधा खर्जातले. त्यांच्या जोडीला पितळी झांज असे, आणि ठरावीक दिवशी हलील नावाचे फुंकून वाजवायचे वाद्यही असे. चांदीचे कर्णे याजक फुंकत. एकसंध चांदी ठोकून असे दोन कर्णे घडवावेत, ही आज्ञा बायबलमधील गणना या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात आहे. रोममधील टायटसच्या कमानीवर जेरुसलेमची लूट मिरवत नेणारे सैनिक कोरलेले आहेत, त्यांच्या खांद्यांवरील सामानात सात शाखांच्या दीपवृक्षाबरोबर कर्णेही दिसतात.

मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहातील अराखीन या प्रकरणात या वाद्यवृंदाचे प्रमाण नोंदवलेले आहे. नेवेल २ पेक्षा कमी आणि ६ पेक्षा अधिक नसावेत. हलील २ ते १२ असावेत. किन्नोर किमान ९ असावेत, त्यापुढे कितीही चालतील. झांज मात्र एकच असावी. चौथऱ्यावर किमान बारा लेवी उभे असावेत, असेही तिथे म्हटले आहे, आणि नऊ किन्नोर, दोन नेवेल व एक झांज मिळून हा आकडा बरोबर भरतो. त्याच ठिकाणी एक गोड तपशील आहे: लेवींची लहान मुले मोठ्यांच्या पायांशी, चौथऱ्याखाली उभी राहून वाद्यांशिवाय नुसत्या कंठाने गात, जेणेकरून गाण्याला चव यावी. संगीताचा कान असलेल्या माणसानेच असा नियम केला असणार.

हलील वेदीसमोर वर्षातून बाराच दिवस वाजे. वल्हांडण (इजिप्तमधील सुटकेचा सण) आणि महिन्याने येणारे दुसरे वल्हांडण यांचे बळी देण्याचे दोन दिवस, वल्हांडण सणाचा पहिला दिवस, शावुओत हा सप्ताहांचा सण आणि सुक्कोत या मांडवांच्या सणाचे आठ दिवस, हे ते बारा दिवस होत. सुक्कोतच्या रात्री पाणी भरून आणण्याचा जो आनंदोत्सव चाले, त्यात लेवी मंदिराच्या पंधरा पायऱ्यांवर उभे राहून वाद्ये वाजवत. स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ या पंधरा ‘आरोहण’ स्तोत्रांशी त्या पायऱ्यांचे नाते जोडलेले आहे.

मग मंदिर गेल्यानंतर वाद्ये का थांबली?

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्याबरोबर बलिविधी संपला, आणि बलिविधीचा भाग असलेले लेवींचे वादनही संपले. सिनेगॉगमधील प्रार्थना बलिविधीची जागा घेऊ लागली, तरी सिनेगॉग म्हणजे मंदिर नव्हे, ही जाणीव रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, कटाक्षाने जपली.

दुसरे कारण सुतकाचे आहे. ‘बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो, तिथल्या झाडांवर आम्ही आमची वाद्ये टांगून ठेवली,’ अशा आशयाचे स्तोत्र १३७ पहिल्या मंदिराच्या विनाशानंतरचे. दुसऱ्या विनाशानंतर तीच भावना नियमाच्या रूपात आली. न्यायसभा, म्हणजे सान्हेद्रीन, बंद पडल्यावर मेजवान्यांमधील गाणे थांबले, असे मिश्ना सांगते. पुढे तालमूद या मिश्नावरील चर्चाग्रंथात गाण्यावरील बंदीचा आधार विचारला गेला, तेव्हा संदेष्टा होशेयाच्या नवव्या अध्यायातील ‘इस्रायला, इतर राष्ट्रांप्रमाणे हर्ष करू नकोस’ हे वचन पुढे केले गेले. सोळाव्या शतकातील शुल्हान आरूख या धर्मसंहितेतही मंदिराच्या आठवणीसाठी वाद्यसंगीत टाळण्याचा नियम आहे, मात्र लग्नासारख्या धर्मकार्यासाठी सूट दिलेली आहे.

वाद्यांविषयी तिरस्कार यात कुठेच नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. वाद्यांची नावे प्रार्थनेत आजही रोज उच्चारली जातात. सकाळच्या प्रार्थनेत स्तोत्र १५० म्हटले जाते. त्यात शोफार, नेवेल, किन्नोर, डफ, तंतुवाद्ये, बासरी आणि दोन प्रकारच्या झांजांनी देवाची स्तुती करा, असे सांगितले आहे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या स्वागतात गायल्या जाणाऱ्या स्तोत्र ९२ मध्येही दहा तारांच्या वाद्याचा, नेवेलचा आणि किन्नोरचा उल्लेख येतो. ज्या दिवशी एकही तार छेडली जात नाही, त्याच दिवशी तारांची ही स्तुती सर्वांच्या तोंडी असते.

शब्बाथच्या दिवशी वाद्य वाजवण्यात नेमकी काय अडचण आहे?

वादन हे तोरातील, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांतील, थेट निषिद्ध कामांपैकी नाही. बंदी रब्बींनी घातलेली आहे आणि तिच्यामागचे कारण तालमूदच्या बेत्सा या प्रकरणात दिलेले आहे: वाजवता वाजवता तार तुटली किंवा सूर उतरला, तर वादक नकळत वाद्य दुरुस्त करायला लागेल, आणि वस्तू घडवणे किंवा दुरुस्त करणे हे मात्र शब्बाथला खरोखर निषिद्ध आहे. वाद्याबरोबर टाळ्या आणि नाचही याच सावधगिरीच्या कुंपणात आले.

हाताशी तंबोरा घेऊन बसलेल्या कोणालाही ही शंका किती वास्तव आहे ते कळेल, कारण खुंटी पिळल्याशिवाय वादक दहा मिनिटेही बसू शकत नाही. मध्ययुगातील फ्रान्समधल्या भाष्यकारांनी मात्र असा युक्तिवाद मांडला की आज सर्वसाधारण माणसाला वाद्य घडवता वा दुरुस्त करता येत नाही, म्हणून ही भीती उरलेली नाही. त्यांचा रोख प्रामुख्याने टाळ्या आणि नाच यांवर होता. पुढे एकोणिसाव्या शतकात सुधारणावाद्यांनी तो वाद्यांपर्यंत ताणला. परंपरानिष्ठांना ते मान्य झाले नाही, कारण रब्बींनी एकदा घातलेली बंदी कारण क्षीण झाले म्हणून आपोआप उठत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

पण मंदिरात तर शब्बाथलाही वादन होत असे ना?

होत असे. रब्बींनी घातलेल्या अशा बंद्या मंदिराच्या आवारात लागू होत नसत, हा एक सर्वसाधारण संकेत होता. मिश्नाच्या एरुवीन प्रकरणात तर असे म्हटले आहे की शब्बाथला वाद्याची तार तुटली, तर मंदिरात ती गाठ मारून जोडता येते, पण मंदिराबाहेर जोडता येत नाही. एकच कृती, एकाच दिवशी, भिंतीच्या आत चालते आणि बाहेर चालत नाही.

तरीही मंदिरातले सगळेच वादन शब्बाथला चालू राहत नसे. बलिविधीच्या साथीचे वादन चालू राही, पण सुक्कोतमधील पाणी भरण्याच्या उत्सवातला हलील शब्बाथला आणि सणाच्या मुख्य दिवशी थांबवला जाई. म्हणून तो उत्सव त्या वर्षीच्या पंचांगाप्रमाणे पाच किंवा सहा दिवस होई. गाण्याचा मुख्य भाग कंठाचा की वाद्याचा, यावर तालमूदमध्ये मतभेद नोंदवलेला आहे, आणि शब्बाथच्या या वादाची मुळेही त्याच मतभेदात आहेत. ज्यांच्या मते वाद्य ही केवळ साथ आहे, त्यांच्या दृष्टीने कंठ शाबूत असेल तर उपासनेचे गाणे अपुरे राहत नाही.

शोफार हे वाद्य धरायचे की नाही?

फुंकून वाजवतात म्हणून वाद्यच, पण त्यावर सूर आळवायचा नसतो. शोफार म्हणजे पोकळ केलेले शिंग, बहुधा एडक्याचे. गाईचे शिंग चालत नाही, असा मिश्नामधील बहुमताचा निर्णय आहे. रोश हशाना या नववर्षाच्या सणाला, ज्याला महाराष्ट्रातील बेने इस्रायल या यहुदी समाजात नव्याचा सण म्हणत, शोफार ऐकणे ही तोरातील आज्ञा आहे. आज्ञा ऐकण्याची आहे, म्हणून सिनेगॉगमधील प्रत्येकाने तो फुंकायचा नसतो. एक जाणता माणूस फुंकतो आणि बाकीचे शांतपणे ऐकतात.

त्याचे ध्वनी तीन प्रकारचे असतात. तकिया हा सलग लांब नाद, शवारीम हे तीन तुटक उसासे आणि तरुआ ही लहान लहान नादांची थरथर. बहुतेक मंडळींमध्ये त्या दिवशी एकूण १०० नाद करण्याची प्रथा आहे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपवासाच्या शेवटीही, सूर्यास्तानंतर, एक लांब नाद होतो. बेने इस्रायल या दिवसाला दार फाळणीचा सण म्हणत.

आता शब्बाथचा प्रश्न इथेही येतो. रोश हशाना शब्बाथला आला, तर शोफार फुंकत नाहीत. तालमूदने दिलेले कारण वाद्यदुरुस्तीचे नाही. एखादा माणूस फुंकायला शिकण्यासाठी शोफार हातात घेऊन रस्त्यावरून चार हात चालत जाईल, आणि शब्बाथला सार्वजनिक जागेत वस्तू वाहून नेणे निषिद्ध आहे, असे ते कारण आहे. मंदिरात मात्र शब्बाथलाही शोफार फुंकत. मंदिर पडल्यावर रब्बान योहानान बेन झक्काय यांनी, जिथे न्यायसभा बसते तिथे शब्बाथलाही फुंकावा, असा नियम केला. आज बहुतेक परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये त्या दिवशी शोफार कपाटातच राहतो.

वाद्य नसेल तर प्रार्थना कोरडी वाटत नाही का?

मुळीच नाही. हझ्झान, म्हणजे प्रार्थना पुढे नेणारा गायक, हा सिनेगॉगचा खरा संगीतकार असतो. तोरा आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ ठरलेल्या स्वरचिन्हांनुसार चालीवर वाचले जातात. त्या चाली बगदाद, येमेन, मोरोक्को, पोलंड, कोची अशा ठिकाणी वेगवेगळ्या झाल्या आहेत. वार, सण आणि प्रार्थनेचा भाग बदलला की चालही बदलते, त्यामुळे सरावलेला माणूस डोळे मिटूनही दिवस ओळखू शकतो. सीरियातील आलेप्पो शहराच्या यहुद्यांमध्ये हिवाळ्यात शब्बाथच्या पहाटे उठून बकाशोत ही भक्तिगीते अरबी मकामांत, म्हणजे रागांसारख्या स्वररचनांत, गाण्याची परंपरा आहे, आणि त्यात एकही वाद्य नसते.

इटलीत तर वाद्य न घेता बहुस्वरी समूहगायन सिनेगॉगमध्ये आणण्याचा प्रयत्न झाला. मांतुआच्या दरबारातील यहुदी संगीतकार सालामोने रोस्सी यांनी हिब्रू स्तोत्रांचे असे समूहगायन रचले आणि ते व्हेनिसमध्ये १६२२-२३ च्या सुमारास छापले गेले. त्याला पाठिंबा देणारे रब्बी लिओन मोदेना यांनी त्याआधीच, १६०५ मध्ये, समूहगायनाच्या बाजूने निर्णय दिलेला होता. एका स्वरावर दुसरा स्वर चढवणे धर्मसंमत आहे का, असा प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारला गेला होता, हे आजच्या वाचकाला गमतीचे वाटेल.

ऑर्गनवरून एवढा वाद का झाला?

या विषयातले सर्वांत तापलेले प्रकरण हेच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

ऑर्गन सिनेगॉगमध्ये प्रथम सुधारणावाद्यांनी आणला, हा समज बरोबर नाही. प्रागमध्ये सतराव्या-अठराव्या शतकातच शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या स्वागताची गीते वाद्यांच्या आणि ऑर्गनच्या साथीने होत असत. फरक इतकाच की शब्बाथ प्रत्यक्ष सुरू होण्याआधी वादन थांबे. त्यामुळे तिथल्या रब्बींना त्यात काही वावगे वाटले नाही. उलट व्हेनिसमध्ये सतराव्या शतकात सिम्हात तोरा या वर्षभराचे तोरावाचन पूर्ण होण्याच्या उत्सवासाठी स्पॅनिश सिनेगॉगमध्ये वाद्ये आणली गेली, तेव्हा बाकी वाद्ये चालली, पण ऑर्गन चर्चची फार आठवण करून देतो म्हणून तो नको, असे रब्बींनी ठरवले.

खरा भडका जर्मनीत उडाला. इस्राएल याकोब्सन यांनी झेझेन या गावातील आपल्या शाळेला जोडून बांधलेल्या सिनेगॉगचे उद्घाटन १७ जुलै १८१० रोजी केले. तिथे ऑर्गन होता, जर्मन गीते होती आणि जर्मनमधून प्रवचन होते. १८१८ मध्ये हॅम्बुर्गमध्ये सुधारणावाद्यांनी आपले स्वतंत्र प्रार्थनागृह उघडले, त्यातही ऑर्गन शब्बाथला वाजू लागला. त्याच वर्षी सुधारणेच्या बाजूच्या रब्बींची मते एकत्र करून छापण्यात आली. हॅम्बुर्गच्या रब्बी न्यायसभेने १८१९ मध्ये त्याला उत्तर म्हणून युरोपभरच्या परंपरानिष्ठ रब्बींची विरोधी पत्रे प्रसिद्ध केली. प्रेसबुर्गचे (आजचे ब्रातिस्लाव्हा) रब्बी मोशे सोफेर त्यात अग्रभागी होते.

विरोधकांचे मुद्दे तीन होते. पहिला, शब्बाथला वादन निषिद्ध आहे. दुसरा, मंदिराच्या शोकात वाद्य शोभत नाही. तिसरा मुद्दा माझ्या मते सर्वांत निर्णायक होता: ऑर्गन हे त्या काळच्या युरोपात चर्चचे ओळखचिन्ह होते, आणि इतर धर्मीयांच्या उपासनेचे अनुकरण तोराने मना केलेले आहे. पहिल्या दोन मुद्द्यांवर पळवाटा निघत होत्या, पण तिसऱ्यावर भावना इतक्या तीव्र होत्या की ऑर्गन आहे की नाही, एवढ्यावरून सिनेगॉगचा पंथ ओळखला जाऊ लागला. सुधारणावादी उत्तर देत की वाद्ये मुळात आमच्याच मंदिरातली आहेत, चर्चने ती आमच्याकडून घेतली. १८४५ मध्ये फ्रँकफुर्ट येथे भरलेल्या सुधारणावादी रब्बींच्या परिषदेने सिनेगॉगमध्ये, शब्बाथलाही, ऑर्गनला मान्यता दिली.

बर्लिनच्या ओरानियनबुर्ग रस्त्यावरील भव्य नव्या सिनेगॉगचे उद्घाटन १८६६ मध्ये झाले. तिथे लुई लेवांडोव्स्की यांनी हझ्झान, समूहगायक आणि ऑर्गन यांच्यासाठी रचना केल्या. त्यांच्या अनेक चाली आज ऑर्गनशिवाय, परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्येही गायल्या जातात, आणि त्यांचा उगम कुठला, हे गाणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊकही नसते. नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारात जर्मनीतील शेकडो सिनेगॉग जाळले व फोडले गेले, त्यांबरोबर त्यांतील ऑर्गनही गेले. जर्मनीतील ही परंपरा त्यानंतर पूर्वीसारखी कधीच उभी राहिली नाही.

अमेरिकेत हा वाद थेट न्यायालयात पोहोचला. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे काहाल कादोश बेथ एलोहीम या मंडळीचे सिनेगॉग १८३८ मध्ये आगीत जळाले. नवे बांधताना त्यात ऑर्गन बसवायचे बहुमताने ठरले. विरोधक बाहेर पडले, त्यांनी वेगळे सिनेगॉग काढले आणि १८४० च्या दशकात खटला चालला. धार्मिक विधी कसा असावा हे ठरवणे आपले काम नव्हे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ऑर्गन राहिला.

वादक यहुदी नसेल तर शब्बाथला चालते का?

काही ठिकाणी याच तोडग्यावर काम भागवले गेले. शब्बाथला लग्नसमारंभाच्या आनंदासाठी बिगरयहुदी वादकाकडून वाजवून घेण्यास सोळाव्या शतकातील पोलंडचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी सूट दिलेली होती, त्याचा आधार घेतला गेला. फ्रान्समधील मुख्य रब्बींच्या १८५६ च्या परिषदेने बिगरयहुदी वादक असल्यास ऑर्गनला हरकत नाही, असे ठरवले. बहुसंख्य परंपरानिष्ठ अधिकाऱ्यांना मात्र ही सूट लग्नापुरतीच मान्य आहे, रोजच्या उपासनेसाठी नाही.

आज वेगवेगळ्या पंथांत काय चालते?

परंपरानिष्ठ पंथ शब्बाथ आणि सणांना वाद्य वापरत नाही. सुधारणावादी पंथ सर्रास वापरतो. अमेरिकेतील मध्यममार्गी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, पंथात मंडळीगणिक फरक आहे: काही ठिकाणी शब्बाथला वाद्ये असतात, काही ठिकाणी नसतात, आणि निर्णय बहुतेक वेळा स्थानिक रब्बींचा असतो. न्यूयॉर्कमधील बेनाय जेशुरून या जुन्या मंडळीत शुक्रवारच्या संध्याकाळी कीबोर्ड, तालवाद्ये आणि तंतुवाद्ये यांच्या साथीने होणारे शब्बाथस्वागत दूरवर प्रसिद्ध आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑर्गनचे राज्य अमेरिकेतही ओसरले आणि गिटार आली. उन्हाळी शिबिरांत मुलांनी गिटारवर शिकलेली गीते पुढे सिनेगॉगमध्ये पोहोचली, आणि डेबी फ्रीडमन (१९५१–२०११) यांच्या चालींनी सुधारणावादी मंडळींमध्ये घर केले. परंपरानिष्ठ जगात श्लोमो कार्लेबाख (१९२५–१९९४) यांची गिटार तितकीच प्रसिद्ध झाली, पण ती शब्बाथला पेटीत बंद असे. त्यांच्या चाली आज शुक्रवारी संध्याकाळी असंख्य परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये नुसत्या कंठाने गायल्या जातात.

इस्रायलमध्ये शब्बाथ नसलेल्या दिवशी, उदाहरणार्थ हनुक्कात किंवा महिन्याच्या पहिल्या दिवशी, हल्लेल या सणांच्या स्तुतिस्तोत्रांना गिटार आणि तालवाद्यांची साथ देणाऱ्या परंपरानिष्ठ मंडळीही आहेत. इथिओपियाच्या बेटा इस्राएल समाजाची वाट वेगळीच आहे. त्यांच्या उपासनेत ढोल आणि धातूची घंटावजा थाळी यांना पिढ्यान् पिढ्या स्थान आहे, आणि तालमूदमधील वाद त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोहोचले.

महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजात काय प्रथा आहे?

कोकणातील या मराठीभाषक यहुदी समाजाला एके काळी शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा चालवणारी ही मंडळी शनिवारी काम बंद ठेवत. समाजाचे पहिले सिनेगॉग, शाआर हरहामीम, मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. समाजात सिनेगॉगला मशीद म्हणण्याची पद्धत होती. प्रार्थनेच्या शास्त्रशुद्ध पद्धती शिकवायला एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या शिक्षकांनी मोठे काम केले, आणि बगदादी यहुद्यांचाही प्रभाव पडला. या दोन्ही परंपरा परंपरानिष्ठ असल्यामुळे अलिबागच्या मागेन आबोथपासून पुण्याच्या सुक्काथ शेलोमोपर्यंत सर्वत्र शब्बाथची प्रार्थना वाद्याविनाच होते. पेटी-तबला तेवाजवळ, म्हणजे हझ्झानच्या चौथऱ्याजवळ, येत नाही.

पण मराठी माणसाला पेटी-तबल्याशिवाय किती काळ राहवणार? १८८० च्या सुमारास या समाजातील काही तरुणांनी हिंदू कीर्तनकारांची कीर्तने ऐकून स्वतःचे यहुदी कीर्तन सुरू केले. विषय अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांचे, भाषा शुद्ध मराठी, आणि साकी, दिंडी, ओवी अशा ओळखीच्या वृत्तांतली पदे. साथीला पेटी, तबला, झांजा. हे कीर्तन सिनेगॉगच्या नित्य प्रार्थनेचा भाग नव्हते. घरी, मंडपात किंवा समाजाच्या मेळाव्यात ते होई. त्यामुळे शब्बाथच्या नियमांशी त्याची टक्कर कधी आली नाही. परंपरेची चौकट न मोडता वाद्यांना भक्तीत जागा देण्याचा हा तोडगा युरोपातल्या ऑर्गनवादापेक्षा मला तरी जास्त शहाणपणाचा वाटतो. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायल कुटुंबांतही मराठी कीर्तनाची आवड टिकून आहे आणि ती जपण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

मलिदा हा समाजाचा आणखी एक खास विधी. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांचे स्मरण करतात आणि त्यांचे हिब्रू गीत सर्वजण मिळून गातात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना हा विधी होतो. त्यात मुख्य असतो तो समूहाचा कंठ.

लग्नात बँड चालतो, मग सिनेगॉगमध्ये का नाही?

लग्नात नवरा-नवरीला आनंदित करणे हे धर्मकार्यच मानले आहे, म्हणून शोकाच्या नियमाला तिथे सूट आहे. शिवाय लग्न शब्बाथला लावत नाहीत, त्यामुळे दुसरी अडचणही उरत नाही. परंपरानिष्ठ सिनेगॉगच्याच इमारतीत, मंगळवारी किंवा रविवारी लागणाऱ्या लग्नात वाद्ये वाजणे अनेक देशांत नेहमीचे आहे. फ्रान्समधील काही मोठ्या सिनेगॉगमधले ऑर्गन मुख्यतः अशा प्रसंगीच ऐकू येतात. जेरुसलेमच्या जुन्या अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य व पूर्व युरोपातील यहुद्यांच्या, समाजात मात्र एकोणिसाव्या शतकात रब्बींनी बंदी घातल्यामुळे लग्नातही केवळ ढोल वाजवून गाण्याची प्रथा पडली, आणि काही कुटुंबे ती आजही पाळतात.

वर्षाच्या कोणत्या काळात वाद्यसंगीत पूर्ण टाळतात?

वल्हांडणापासून शावुओतपर्यंतचे दिवस मोजण्याच्या, म्हणजे ओमेरच्या, काळात आणि उन्हाळ्यातील तीन आठवड्यांत परंपरानिष्ठ घरांत वाद्यसंगीत बंद असते. तीन आठवड्यांचा शेवट आव महिन्याच्या नवव्या दिवशी, मंदिराच्या विनाशाच्या उपवासाने होतो. बेने इस्रायल समाजात हाच बिरड्याचा सण. या काळात लग्ने लावत नाहीत. ओमेरच्या काळात मात्र तेहतिसाव्या दिवशी, लाग बाओमेरला, अनेकांची बंदी उठते, आणि गालिलमधील मेरोन डोंगरावर क्लॅरिनेट आणि ढोलाच्या साथीने रात्रभर गाणे-नाचणे चालते.

मायक्रोफोन किंवा रेकॉर्ड केलेले संगीत चालते का?

हा प्रश्न वाद्यांपेक्षा विजेचा आहे. परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये शब्बाथला मायक्रोफोन वापरत नाहीत, त्यामुळे रेकॉर्डिंगचा प्रश्नच उद्भवत नाही. सुधारणावादी मंडळी दोन्ही वापरतात.

मुंबई-पुण्यातील सिनेगॉगला भेट दिल्यास काय ऐकायला मिळेल?

शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी प्रार्थनेची परवानगी मिळाली, तर हझ्झानचा कंठ आणि त्याला मंडळींचा प्रतिसाद, एवढेच ऐकू येईल. डोके झाकून जावे, फोन बंद ठेवावा आणि छायाचित्रे काढू नयेत. शोफार ऐकायचा असल्यास रोश हशानाच्या सकाळी जावे, मात्र पहिला दिवस शनिवारी येत असेल तर दुसऱ्या दिवशी. भेटीसाठी सिनेगॉगच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि सोबत ओळखपत्र ठेवावे लागते. पेटी-तबल्याच्या साथीतले यहुदी कीर्तन ऐकण्याची इच्छा असेल, तर सिनेगॉगच्या प्रार्थनेच्या वेळा न पाहता समाजाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची चौकशी करावी.